घर विकण्याआधीची डागडुजी मित्राकडून करून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर विकायला काढलं की ओळखीतलाच कुणीतरी आठवतो. कुणाचा मित्र गवंडीकामाचे ठेके घेतो, कुणाचा रंगकाम, कुणाचा प्लंबर असतो. ठाण्यातलं आईवडिलांचं घर विकताना मीही शाळेतल्या मित्रालाच बोलावलं होतं. तेव्हापासून ओळखीचे आणि अनोळखी लोक मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उत्तरं लिहिताना महाराष्ट्रातल्या सोसायटीतला फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवला आहे. स्वतंत्र घराला काही वेगळं लागू होत असेल तर तिथे तसं सांगितलं आहे.

१. विकायचंच आहे, तर खर्च कशाला? आहे तसं विकलं तर?

विकता येतं. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल किंवा घेणारा येताच सगळं फोडून नव्याने करणार असेल, तर आतल्या घरावर पैसा घालण्यात अर्थ नाही. एरवी मात्र छतावरचा ओलीचा डाग दिसला की घेणारा दुरुस्तीच्या खर्चाएवढी किंमत कमी करत नाही, भीतीएवढी करतो. डागामागे काय दडलंय हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो स्वतःला सांभाळून आकडा सांगतो. त्यामुळे मनात शंका आणणारी कामं आधी करून घ्यावीत. फक्त दिखाऊ असलेली सोडून द्यावीत.

२. मग नेमकी कोणती कामं करू आणि कोणती सोडू?

करण्यासारखी: गळती आणि ओल (मूळ कारणासकट, प्रश्न ११ पाहा), सुटलेला गिलावा, गळके नळ आणि फ्लश, नीट न लागणारे दरवाजे-खिडक्या, पोकळ वाजणाऱ्या दोन-चार फरश्या, बाथरूममधलं काळं पडलेलं ग्राउटिंग (फरश्यांच्या सांध्यांतली भर), आणि सगळ्यात शेवटी फिकट रंगाचा एक साधा हात.

सोडण्यासारखी: नवं मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, महागडा टेक्स्चर पेंट, सगळ्या घराची फरशी. तुमची आवड आणि घेणाऱ्याची आवड जुळेलच असं नाही, आणि त्याचे पैसे क्वचितच वसूल होतात.

मित्र सोबत असला की यादी वाढतच जाते. "आलोच आहोत तर हेही करून टाकू," असं तो म्हणतो आणि आपण हो म्हणतो. म्हणून घर पाहायला तो येईल त्याआधीच यादी कागदावर उतरवून ठेवा.

३. मित्राला द्यावं की बाहेरच्या ठेकेदाराला?

त्याचा रोजचा धंदा हाच असेल तर जरूर द्या. हौशी माणसाला देऊ नका, मग तो कितीही जिवलग असो. ड्रिल मशीन घरात असणं वेगळं आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग येणं वेगळं. त्याने गेल्या वर्षभरात केलेली दोन कामं प्रत्यक्ष पाहून या. शक्यतो एका पावसाळ्यातून गेलेलं काम पाहा.

आणखी एक गोष्ट स्वतःलाच विचारा: काम बिघडलं तर याला मी तोंडावर सांगू शकेन का? उत्तर नाही असेल तर बाहेरचा माणूस बघा आणि मित्राकडून फक्त सल्ला घ्या. त्याला वाईट वाटेल, पण तेवढं वाईट वाटणं पुसलं जातं.

४. तो म्हणतो, "तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे!" पैशांचा विषय काढू कसा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं चुकलं तेही इथेच. माझा मित्र म्हणाला, "आधी काम होऊ दे, मग बघू." मी गप्प बसलो. मला वाटलं, तो मित्राचा भाव लावेल. त्याला वाटलं, घर चांगल्या किमतीला विकलं जातंय, तर मी हात आखडणार नाही. मी रोज एक काम वाढवत गेलो. स्वयंपाकघरातला ओटा झाला, मग माळ्याची दारं, मग बाल्कनीची ग्रिल. शेवटी त्याने सांगितलेला आकडा मी धरलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट होता. पैसे मी दिले, पण दिवाळीला आमचा फोन झाला नाही. पुढच्या पाडव्याला तोच घरी आला आणि सरळ म्हणाला, "तेव्हा विचारलं असतंस, तर मी हिशोब लिहून दिला असता." त्याची बाजू तेव्हा मला कळली. कामावरच्या पोरांची हजेरी (रोजची मजुरी) तो रोज संध्याकाळी स्वतःच्या खिशातून देत होता.

म्हणून विषय तुम्हीच काढा, आणि पहिल्याच दिवशी काढा. असं म्हणता येईल: "तुझी मजुरी धरूनच सांग. तू फुकट केलंस तर मला काम सांगता येणार नाही." हे खरं असतं आणि मित्राला पटतं. त्याला सूट द्यायचीच असेल तर पूर्ण हिशोबात ती वेगळी दाखवू दे, म्हणजे त्याने किती सोडले हे तुम्हाला कळेल. आणि त्याने सोडलं तरी त्याच्या माणसांची मजुरी आणि माल यांचे पैसे पूर्ण द्या. ते त्याचे नाहीत.

५. "अंगावर", "मालासकट", "हजेरीवर" म्हणजे काय? मित्राशी कोणतं ठरवू?

अंगावर म्हणजे उक्तं काम: एकूण मजुरी ठरलेली, माल तुमचा. मालासकट म्हणजे माल आणि मजुरी मिळून एक आकडा. हजेरीवर म्हणजे गवंडी आणि बिगारी जितके दिवस येतील तितका रोज.

विकण्याआधीच्या डागडुजीला उक्तं आणि माल आपला, हे मित्रासोबत सगळ्यात सुटसुटीत. दुकानाची बिलं तुमच्या नावावर येतात, सिमेंट किंवा रंग कोणत्या प्रतीचा आला याची शंका राहत नाही, आणि मित्राने मालात किती काढले हा प्रश्नच उरत नाही. हजेरी फक्त फोडल्याशिवाय अंदाज येत नाही अशा कामाला ठेवा. उदाहरणार्थ, भिंतीतल्या पाइपची गळती शोधणं.

रंगकामात माप स्वतः काढा. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली असेल तर चार भिंतींचे ४१८ आणि छताचे १२० मिळून ५३८ चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा करायची की नाही, हे दर ठरवतानाच बोला. एका खोलीला तीस-चाळीस फुटांचा फरक पडतो, आणि तो घरभर वाढत जातो.

६. मित्राकडून लिहून घ्यायचं? त्याला अविश्वास वाटणार नाही का?

स्टॅम्प पेपर आणू नका. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो. लिहायचं ते दोघांच्या आठवणीसाठी. व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरतो:

"आपलं ठरलं ते लिहून ठेवतो. बाथरूमची गळती, हॉलच्या भिंतीचा गिलावा, दोन खोल्या आणि हॉल रंग. मजुरी एवढी, माल माझा. राबिट (फोडकामाचा कचरा) उचलणं तुझ्याकडे. अमुक तारखेला सुरू, अमुक तारखेला पूर्ण. जास्तीचं काम निघालं तर आधी आकडा, मग हातोडा. बरोबर ना?"

त्याचा "हो" आला की झालं. यातली सर्वांत उपयोगी ओळ जास्तीच्या कामाची. राबिटाचीही विसरू नका. पोती जिन्यात पडून राहिली की सोसायटीची तक्रार तुमच्याकडे येते.

७. उचल किती द्यावी?

माल तुमचा असेल तर सुरुवातीला थोडीच पुरते. पुढचे पैसे तारखेवर न देता टप्प्यांवर द्या: फोडकाम आणि प्लंबिंग झालं, पाणी भरून तपासणी झाली, गिलावा झाला, रंग झाला. दहा-पंधरा टक्के शेवटच्या टप्प्यासाठी ठेवा, आणि ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. काम संपताना अचानक हात आखडता घेतला तर मित्राला तो अपमान वाटतो.

८. आत्ता हातात पैसे नाहीत. "घर विकलं की देतो" असं ठरवलं तर चालेल?

फार जपून. व्यवहार कधी होईल हे तुमच्या हातात नसतं. घेणाऱ्याचं कर्ज अडकतं, टोकन परत जातं. तोवर मित्राचे पैसे अडकून राहतात आणि तो तुम्हाला मागूही शकत नाही. अगदीच इलाज नसेल तर माल आणि मजुरांचे पैसे आत्ता द्या, फक्त त्याचा स्वतःचा हिस्सा पुढे ढकला, आणि "घर विकलं नाही तरी अमुक तारखेला" असं ठरवा. विक्रीच्या किमतीवर टक्का देण्याचं मात्र ठरवू नका. किंमत डागडुजीने किती वाढली आणि बाजाराने किती, हे कुणालाच मोजता येत नाही.

९. सोसायटीला कळवावं लागतं का?

हो. रंगकामाला बहुतेक ठिकाणी साधं पत्र पुरतं. तोडफोड असेल तर लेखी अर्ज करून परवानगी घ्या. कामाच्या वेळा, अनामत रक्कम, लिफ्टमधून माल नेण्याचे नियम, मजुरांचे पास हे सगळं आधी विचारा आणि मित्रालाही पाठवा. पुढे शेअर सर्टिफिकेटवर नव्या मालकाचं नाव लावायला हीच कमिटी आहे. शेवटच्या महिन्यात तिच्याशी वाकडं घेऊ नका.

१०. गळती वरून येते. मित्र म्हणतो आतून करून देतो. पण खर्च कुणाचा?

आधी उगम शोधा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी, बाहेरच्या सामायिक पाइपची किंवा ड्रेनेजची गळती आणि गच्चीच्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचा बिघडलेला गिलावा, ही सोसायटीच्या खर्चाची कामं आहेत. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूम-सिंकमधून गळत असेल तर तो त्या सभासदाचा खर्च. तुमच्या बाथरूममधून खाली जात असेल तर तुमचा. स्वतंत्र घरात अर्थातच सगळं तुमचं.

तपासायची सोपी रीत: बाथरूमची नहाणी (पाणी जाण्याचं तोंड) कापडाने घट्ट बुजवा, इंचभर पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा, आणि रात्रभर ठेवून खालच्यांकडे छत पाहा. पाणी न भरताही ओल वाढत असेल तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्या.

इमारत नवी असेल तर मित्राला फोन करण्याआधी थांबा. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुम्ही आधीच फोडून बसलात तर पुरावा गेला. फोटो काढा, लेखी कळवा, मग पुढचं.

११. वेळ नाही. ओलीवर पुट्टी मारून रंग देऊन टाक म्हटलं तर?

नको. ओल्या भिंतीवरची पुट्टी काही आठवड्यांत फुगते, पोपडे धरतात, आणि तोवर कदाचित घेणारा राहायलाही आलेला असतो.

दुसरं कारण कायद्याचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या तपासणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याचं कर्तव्य आहे. डाग झाकला की दोष "न कळणारा" तुम्हीच केलात. आणि यात मित्रालाही ओढता. हे काम त्याच्या हातचं असतं, उद्या त्या इमारतीत त्याचंच नाव निघतं. मित्राला असलं काम सांगायचं नाही, आणि त्याने सुचवलं तर नाही म्हणायचं.

भिंत खरंच सुकली का, हे पाहायला फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले तर रंगाची घाई करू नका. स्लॅबची सळई गंजून छताचे पोपडे पडत असतील तर वरवरच्या सिमेंटने भागत नाही. सळई उघडी करून गंज काढावा लागतो, त्यावर गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर लागतं. त्याआधी सोसायटीला कळवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, कारण छताची संरचनात्मक दुरुस्ती हा सोसायटीचा विषय आहे.

१२. जूनमध्ये घर दाखवायला काढायचंय. काम पावसात केलं तर?

आतली प्लंबिंग, सुतारकाम, फरशी पावसातही होते. गच्ची, बाहेरची भिंत आणि रंग मात्र मे अखेरच्या आत संपवा. उलटी गणती करून पाहा. नव्या गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी मारायचं, मग रंगाआधी सुमारे महिनाभर सुकू द्यायचं. म्हणजे मेअखेर रंग हवा तर मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला फोडकाम सुरू व्हायला हवं. मार्च ते मे हाच तुमच्या मित्राचाही धंद्याचा हंगाम असतो. त्याला जानेवारीतच सांगा, नाहीतर "घरचंच काम आहे" म्हणून तुमचं काम रांगेत शेवटी जातं.

कोकणातलं कौलारू घर असेल तर शाकारणी (कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं) करूनच घर दाखवा. कौलं उतरलेली असतानाच वासे आणि रिपा वाळवीसाठी ठोकून पाहता येतात.

१३. मित्राला सगळंच येतं. वायरिंग आणि एखादी भिंत पाडणंही त्यालाच देऊ?

वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करा. एमसीबी, आरसीसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) आणि अर्थिंग तपासून घ्या. गॅसच्या पाइपलाइनला कुणालाच हात लावू देऊ नका, गॅस कंपनीलाच बोलवा.

भिंत पाडू नका. बीम आणि कॉलमला धक्का लावण्याचा तर प्रश्नच येत नाही. साधी आतली भिंतसुद्धा परवानगीशिवाय काढली की ती विक्रीत आडवी येते. घेणाऱ्याच्या बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन घर पाहतो. नकाशात दोन खोल्या आणि समोर एकच, असं दिसलं की कर्जाची फाइल थांबते.

१४. काम करताना कुणी पडलं, लागलं तर?

सगळ्यात आधी दवाखाना, हिशोब नंतर. पण काम सुरू होण्याआधी मित्राला विचारा की त्याच्या माणसांचा अपघात विमा आहे का. नसेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत, १८ ते ७० वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. रक्कम मोठी नाही, पण चार मजुरांचे ८० रुपये तुम्हीच भरा. बाहेरच्या भिंतीचं झुल्यावरचं काम मित्राकडे पट्टे आणि सवयीची माणसं नसतील तर त्याला देऊच नका. ते करणाऱ्या वेगळ्या एजन्सी असतात.

१५. काम मनासारखं झालं नाही. मित्राला कसं सांगू?

घरी बोलावून चहावर नाही. जागेवर उभं राहून, वस्तू दाखवून सांगा. "तू नीट केलं नाहीस" असं म्हणू नका, "इथे फरशी पोकळ वाजते, बघ" असं म्हणा. त्यालाच ठोकून पाहू दे. कारागिराला आपल्या कामातला दोष कानाने कळतो, त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. त्याच्या माणसांसमोर मात्र बोलू नका.

दुरुस्तीला दोनदा संधी द्या. तरी जमलं नाही तर झालेल्या कामाचा हिशोब पूर्ण करून उरलेलं दुसऱ्याकडून करून घ्या. प्रश्न ७ मधले टप्पे पाळले असतील तर हा हिशोब दहा मिनिटांत होतो.

१६. बिल घ्यायलाच हवं का? करात काही उपयोग होतो?

होतो, पण सगळ्या खर्चाचा नाही. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकीच्या घराच्या विक्रीवर दीर्घकालीन भांडवली नफा धरतात. तो मोजताना घरात केलेल्या सुधारणेचा खर्च वजा होतो. सुधारणा म्हणजे घरात कायमची भर. रंग, वॉशर, ठिगळ ही नेहमीची देखभाल, ती सहसा धरली जात नाही. पूर्ण नवं प्लंबिंग किंवा फरशी यांसारख्या कामांबद्दल बिलं घेऊन सीएला विचारा. नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशोब करण्याचाही पर्याय आहे. दोन्हींत सुधारणेचा खर्च वजा होतो.

मित्राची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याच्याकडे जीएसटी नोंदणी नसू शकते. तेव्हा साधं सहीचं बिल घ्या: नाव, पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, तारीख. पैसे यूपीआयने किंवा बँकेतून द्या. वाढीव आकड्याचं बिल मात्र मित्राकडे मागू नका. ते उत्पन्न त्याच्या नावावर दिसतं.

१७. घर आम्हा तिघा भावंडांच्या नावावर आहे आणि मित्र माझा. काय सांभाळू?

दोन गोष्टी. एक, दुसऱ्या कुणाकडून तरी एक दरपत्रक घ्या आणि मित्राच्या आकड्यासोबत तिघांच्या ग्रुपवर टाका. मित्र थोडा महाग असला तरी चालेल, पण लपवलेलं चालत नाही. दोन, खर्च आत्ता कोण भरणार आणि विक्रीच्या पैशांतून आधी कुणाला परत मिळणार, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवा. मित्राला सूचना मात्र एकानेच द्यायच्या. ताईने पांढरा सांगितला आणि दादाने क्रीम, तर तो अडकतो.

१८. मी परदेशात आहे. मित्र पुण्यातलं घर बघतो. त्याला मुखत्यारपत्र द्यावं का?

डागडुजीसाठी गरज नाही. सोसायटीच्या नावाने "अमुक काम करून घेण्याचा अधिकार देत आहे" असं सहीचं पत्र पुरतं. विक्रीचं मुखत्यारपत्र हा पूर्ण वेगळा विषय आहे, तो वकिलाकडूनच करा आणि डागडुजीच्या ओघात देऊन टाकू नका. पैसे एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) टप्प्याने पाठवा. रोज संध्याकाळी एक व्हिडिओ मागा. त्यात भिंतीच्या आतले पाइप बुजवण्याआधीचा व्हिडिओ हवाच. आणि कुणातरी नातेवाइकाला आठवड्यातून एकदा जाऊ द्या. मित्रालाही ते बरं असतं, सगळी जबाबदारी एकट्याच्या अंगावर राहत नाही.

१९. घर विकून झालं. नवा मालक म्हणतो, बाथरूम पुन्हा गळतंय. मित्र जबाबदार की मी?

मित्राचा करार तुमच्याशी होता, नव्या मालकाशी नाही. त्यामुळे नवा मालक आधी तुमच्याकडे येणार. काय केलं होतं आणि काय सांगितलं होतं, यावर पुढचं ठरतं. म्हणून विकतानाच घेणाऱ्याला सांगा की गळती होती, अमुक महिन्यात दुरुस्त केली, हे फोटो, हे बिल. मित्र वर्षभराची हमी द्यायला तयार असेल तर ती त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या, आणि त्याला विचारूनच त्याचा नंबर नव्या मालकाला द्या. आमच्या घराच्या नव्या मालकांना मी तसाच दिला होता. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या खिडकीच्या कोपऱ्यात ओल आली. माझा मित्र एका रविवारी जाऊन सीलंट भरून आला, आणि त्यांनी दिवाणखान्याचं रंगकाम त्यालाच दिलं.